तिकीट वाचणारे यंत्र

मोठ्या शहरातील मेट्रो रेल्वेने तुम्ही कधी प्रवास केला असेल, तर स्थानकात शिरताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. तेथे तिकीट तपासायला दारात माणूस उभा नसतो. कमरेएवढ्या उंचीच्या धातूच्या पेट्यांची एक ओळ असते. दोन पेट्यांमधून एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट असते. तिकीट किंवा कार्ड पेटीला दाखवले की झडपा बाजूला होतात आणि आपण आत जातो. हे सारे इतक्या झटपट होते की, त्या पेटीत काय चालले आहे याचा विचार करायला वेळच मिळत नाही.

पण ऐन गर्दीच्या वेळी ती पेटी बंद पडली तर? गर्दीच्या स्थानकावर अशा एका फाटकातून मिनिटाला सुमारे ६० माणसे जाऊ शकतात. म्हणजे ते फाटक पाच मिनिटे बंद राहिले, तर ३०० माणसांना दुसरी वाट शोधावी लागेल. शेजारच्या फाटकांवर आधीच रांगा असतात. त्या वाढतात. मागून दुसरी गाडी येते, तिची माणसे त्यांत मिसळतात. कोणाला कामावर पोहोचायचे असते, कोणाला परीक्षेला, कोणाला दवाखान्यात. शिवाय ज्याचे तिकीट आत अडकले, तो बिचारा तेथेच उभा. तिकीट हाती आल्याशिवाय तो पुढेही जाऊ शकत नाही आणि मागेही फिरू शकत नाही.

म्हणून असे यंत्र तयार करणाऱ्यांना दोन प्रश्न सोडवावे लागतात. तिकीट वाचायचे कसे, हा पहिला प्रश्न. वाचणे थांबलेच, तर यंत्र पुन्हा चालू कसे करायचे, आणि तेही माणसे समोर खोळंबलेली असताना, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाविषयी पुष्कळ लिहिले जाते. दुसऱ्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मला मात्र तो दुसरा प्रश्नच अधिक अवघड वाटतो आणि या पाठात आपण मुख्यतः त्याच्याकडेच पाहणार आहोत.

या यंत्रांचा दीर्घ अनुभव ज्या देशांना आहे, त्यांत जपान एक आहे. १९६० नंतरच्या दशकात जपानमधील शहरे झपाट्याने वाढत होती. सकाळी लाखो लोक गाड्यांनी कामावर जात. स्थानकाच्या फाटकावर रेल्वेचा कर्मचारी उभा असे आणि हातातल्या चिमट्याने तो प्रत्येक तिकिटाला खाच पाडी. गर्दी वाढली, तसे हे काम माणसाच्या आवाक्याबाहेर जाऊ लागले. तेव्हा ओसाका शहराजवळच्या किता-सेनरी या स्थानकावर १९६७ साली तिकिटे तपासणारी स्वयंचलित फाटके बसवण्यात आली. ती तातेइशी नावाच्या कंपनीने बनवली होती. हीच कंपनी आज ओम्रॉन या नावाने ओळखली जाते.

या कामातील एक अडचण मोठी गमतीची होती. जपानमधील साधे रेल्वे तिकीट सुमारे ५.७५ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद असते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस एडमन्सन यांनी पुठ्ठ्याच्या तिकिटांचे जे माप रूढ केले, तेच हे माप. आपल्याकडे पूर्वी रेल्वेच्या खिडकीवर पुठ्ठ्याचे जे छोटे तिकीट मिळे, तेही याच मापाचे होते. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना ते नक्की आठवेल. आता एवढेसे तिकीट घाईतला माणूस यंत्राच्या फटीत नीट सरळ थोडाच घालणार! कोणी आडवे घाली, कोणी तिरके. तिरके तिकीट यंत्राला वाचता येईना. कंपनीतील लोकांनी पुढे सांगितले आहे की, त्यांच्यातील एक अभियंता मासे पकडायला ओढ्याकाठी बसला होता. पाण्यावरून एक बांबूचे पान वाहत आले, दगडाला लागले, गर्रकन वळले आणि सरळ होऊन पुढे निघून गेले. मग त्यांनी यंत्रातही तिकिटाच्या वाटेत तसाच एक छोटा अडथळा ठेवला. तिरके तिकीट त्याला लागून वळू लागले. वीज व इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातील अभियंत्यांच्या आय.ई.ई.ई. या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ साली या साऱ्या कामाचा ऐतिहासिक कामगिरी म्हणून गौरव केला.

आता त्या पेटीच्या आत डोकावू या. जपानमधील कागदी तिकिटाची मागची बाजू काळपट किंवा तपकिरी दिसते. तेथे चुंबकीय पदार्थाचा पातळ लेप असतो. टेपरेकॉर्डरच्या फितीवर असतो तसाच. कोणत्या स्थानकावर तिकीट घेतले, कधी घेतले, किती पैसे भरले, ही माहिती त्या लेपावर नोंदलेली असते. फटीत तिकीट घातले की रबरी पट्टे आणि रूळ ते आत ओढतात. प्रथम ते सरळ केले जाते. दोन-तीन तिकिटे एकावर एक ठेवून घातली असतील, तर ती वेगळी केली जातात. मग ते चुंबकीय माहिती वाचणाऱ्या भागाखालून जाते. माहिती बरोबर असेल तर ‘हा प्रवासी या स्थानकात शिरला’ अशी नवी नोंद त्याच लेपावर केली जाते. ती नोंद नीट झाली की नाही, हे पुन्हा वाचून पाहिले जाते. तिकिटाला एक भोक पाडले जाते आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला ते बाहेर डोकावते. प्रवासी चालत त्या टोकाला पोहोचतो तोवर तिकीट तेथे त्याची वाट पाहत असते. एवढ्या सगळ्या कामाला एका सेकंदापेक्षा कमी वेळ लागतो.

एवढ्या वेगाने कागद पळवायचा म्हणजे तो कधी ना कधी अडकणारच. कोणाचे तिकीट खिशात दुमडलेले असते. पावसाळ्यात ते ओले होते. कोणी तिकिटाबरोबर चुकून दुसराच कागद घालतो. फटीत कार्ड घालायचे नसते, तरी घाईत कोणी तेही घालून मोकळा होतो. शिवाय कागद घासला की त्याची बारीक धूळ पडते. ती वाचणाऱ्या भागावर बसते, रुळांवर बसते. रबरी पट्टे झिजतात आणि गुळगुळीत होतात, मग कागदावरची त्यांची पकड सुटते. यांपैकी एकही गोष्ट यंत्र बनवणाऱ्याची चूक नव्हे. कागद, रबर, पाऊस आणि माणसे जशी असतात तशीच असणार.

येथे थोडे गणित करू. समजा, एका स्थानकावर दोन यंत्रे आहेत. पहिले यंत्र फार मजबूत आहे, ते १०० तास चालल्यावर एकदा बिघडते. पण ते उघडायला वीस-पंचवीस स्क्रू काढावे लागतात, तंत्रज्ञाला बोलवावे लागते आणि दुरुस्तीला ५ तास जातात. दुसरे यंत्र त्याच्यापेक्षा कच्चे आहे. ते ५० तासांतच एकदा बिघडते, परंतु स्थानकातील कर्मचारीच ते १० मिनिटांत चालू करतो. आता दोन्ही यंत्रे १००० तास चालवायची आहेत. पहिले १० वेळा बिघडेल आणि एकूण ५० तास बंद राहील. दुसरे २० वेळा बिघडेल, म्हणजे पहिल्याच्या दुप्पट वेळा, पण एकूण २०० मिनिटेच बंद राहील, म्हणजे ३ तास २० मिनिटे. तुम्ही स्थानकप्रमुख असता तर कोणते यंत्र घेतले असते?

अर्थात, यंत्र वारंवार बिघडले तरी चालेल, असे येथे म्हणायचे नाही. दिवसातून दहा वेळा अडणारे यंत्र कितीही लवकर सुरू झाले तरी लोक त्याला कंटाळतील. परंतु यंत्र मजबूत करण्यावर जेवढी बुद्धी खर्च होते, तेवढीच ते चटकन उघडता यावे यावरही व्हायला हवी. हे काम यंत्र तयार झाल्यावर करता येत नाही. कागदावर त्याचा आराखडा काढतानाच ते करावे लागते. एकदा लोखंड कापले, भाग बसवले, की मग पाना कोठून घालायचा आणि हात कोठून न्यायचा याचा विचार करण्यात काही अर्थ उरत नाही.

घरातले शिवणयंत्र पाहा. खालचा दोरा संपला की आई काय करते? एक छोटे झाकण सरकवते, बॉबिनची डबी बोटांनी बाहेर काढते, दुसरी बॉबिन घालते आणि पुन्हा शिवू लागते. कोणतेही हत्यार लागत नाही. सुई मोडली तर एक स्क्रू सैल करावा लागतो, एकच. ज्या गोष्टी वारंवार कराव्या लागतात त्या हातासरशी होतील, अशी यंत्राची रचना केलेली आहे. उलट, आतील मोठे चाक बदलायचे असेल तर मिस्त्रीकडेच जावे लागते, कारण ते वर्षानुवर्षे बदलावे लागत नाही. मालेगावात किंवा भिवंडीत राहणाऱ्या मुलांनी यंत्रमागावरही हेच पाहिले असेल. धागा तुटला की विणकर स्वतःच गाठ मारतो आणि माग चालू करतो. मागातच काही बिघडले, तरच तो जॉबरला हाक मारतो. प्रत्येक तुटलेल्या धाग्यासाठी जॉबरची वाट पाहायची ठरवली, तर दिवसभरात वीतभर कापडही निघणार नाही.

(‘दुरुस्ती’ हा शब्द तुम्हाला नवा नाही. उर्दूत आपण ‘दुरुस्त’ म्हणतो ते ‘ठीक, बरोबर’ या अर्थाने, आणि बिघडलेली वस्तू ठीक करण्याला ‘मरम्मत’ म्हणतो. मराठीने ‘दुरुस्त’वरून ‘दुरुस्ती’ घेतली आणि ती मरम्मतीच्या जागी वापरली. परीक्षेच्या वहीतल्या चुका सुधारणे हीदेखील दुरुस्तीच.)

तिकिटाच्या फाटकाची रचनाही याच पद्धतीने केली जाते. प्रथम ठरवायचे असते की, कोणता बिघाड कोणी दूर करायचा. तिकीट अडकणे हा रोजचा प्रकार. तो स्थानकातील कर्मचाऱ्याने दूर करायचा. हा कर्मचारी अभियंता नसतो. तो तिकिटे विकतो, वाट विचारणाऱ्यांना उत्तरे देतो, म्हाताऱ्या माणसांना जिन्यावरून नेतो. त्याच्या हातात पाना नसतो. शंभर माणसे त्याच्याकडे डोळे वटारून पाहत असतात. अशा माणसाला काय करता येईल, याचा विचार करून आराखडा काढावा लागतो.

म्हणून पेटीचे वरचे झाकण बिजागरीवर बसवलेले असते आणि एका किल्लीने ते वर उचलले जाते. ते वरच का उघडते? फाटके एकमेकांना लागून असतात. झाकण बाजूला उघडले तर शेजारची वाटही अडेल, एका बिघाडामुळे दोन वाटा बंद होतील. आत गेल्यावर तिकिटाची सगळी वाट वरून डोळ्यांना दिसली पाहिजे. त्यासाठी वरचे रूळ आणि पट्टे छोट्या छोट्या तुकड्यांत बसवलेले असतात. एक खटका उचलला की तेवढा तुकडा वर येतो आणि त्याच्याखालचे तिकीट बोटांनी काढता येते. खटक्यांना ठळक रंग दिलेला असतो. रंगीत भागाला हात लावायचा आणि बाकी कशालाही लावायचा नाही, एवढे कर्मचाऱ्याला माहीत असले की पुरे. झाकण उघडताच पट्टे फिरवणारी मोटार आपोआप थांबते, कारण घाईत बोट चिरडण्याचा धोका असतो.

पण तिकीट नेमके कोठे अडकले हे कसे कळणार? दुरुस्तीत हात चालवायला जितका वेळ जातो, त्यापेक्षा बिघाड शोधायला पुष्कळदा अधिक वेळ जातो. तिकिटाच्या वाटेवर जागोजागी प्रकाशाचे बारीक किरण सोडलेले असतात. एका बाजूला दिवा, समोर प्रकाश ओळखणारा संवेदक, म्हणजे सेन्सर. तिकीट मधून गेले की क्षणभर किरण अडतो. आता विचार करा. पहिला किरण अडला, दुसरा अडला, तिसरा अडला. पण ठरलेल्या वेळात चौथा अडलाच नाही. याचा अर्थ काय? तिकीट तिसऱ्या आणि चौथ्या किरणांच्या मध्ये आहे. यंत्र ताबडतोब पट्टे थांबवते, म्हणजे कागदाचा चुरा होत नाही, आणि अडचण कोणत्या टप्प्यात आहे ते आकड्याने दाखवते. कर्मचारी झाकण उघडून सरळ तोच खटका उचलतो.

धूळ साचून किरण अंधूक झाला तर मात्र हीच युक्ती उलटू शकते. तिकीट नसतानाही यंत्राला वाटेल की तेथे तिकीट आहे. म्हणून कोणी प्रवासी नसेल तेव्हा यंत्राने आपले सगळे किरण स्वतःच तपासून पाहावेत, अशी योजना करता येते. वाट मोकळी असूनही एखादा किरण अंधूक दिसला, तर ‘येथे पुसा’ अशी सूचना यंत्र आधीच देते. बिघाड होण्यापूर्वीच त्याची खबर मिळाली, तर रात्री शेवटची गाडी गेल्यावर सावकाश काम करता येते.

सगळे बिघाड असे बोटांनी दूर होत नाहीत. पट्टा तुटतो, मोटार जळते, माहिती वाचणारा भाग झिजतो. तेव्हा तंत्रज्ञ येतो. तो तेथेच बसून तो भाग दुरुस्त करतो का? नाही. चांगल्या यंत्रात आतील भाग संचांमध्ये विभागलेले असतात. कागद ओढणारा एक संच, वाचणारा एक, झडपा हलवणारा एक, वीज पुरवणारा एक. तंत्रज्ञ बिघडलेला संच तेवढा बाहेर काढतो, सोबत आणलेला चांगला संच बसवतो आणि निघून जातो. खराब संच कारखान्यात जातो. तेथे प्रकाश असतो, टेबल असते, मोजमापाची साधने असतात आणि मुख्य म्हणजे मागे कोणी ओरडत नसते.

हे सांगायला सोपे आहे, पण यात बारीकसारीक विचार पुष्कळ आहे. जो संच सर्वांत जास्त वेळा बदलावा लागतो, तो झाकणाजवळ असला पाहिजे. त्याला हात लावण्यासाठी चार चांगले भाग आधी काढावे लागले, तर त्या चारांपैकी एखादा परत बसवताना बिघडायचा. संच बसवताना तो आपोआप जागेवर जावा म्हणून त्याला खुंट्या असतात आणि समोर भोके असतात. बसवल्यावर पुन्हा ठोकून, सरकवून जुळवायची वेळ येऊ नये. विजेच्या तारांचे प्लग वेगवेगळ्या आकारांचे करतात, म्हणजे एकाचा प्लग दुसऱ्यात घालायचा म्हटले तरी जात नाही. स्क्रू सैल केला तरी तो गळून पडू नये, झाकणालाच लटकून राहावा, अशी त्याची बैठक करतात. घड्याळाची दुरुस्ती करताना जमिनीवर पडलेला स्क्रू ज्याने शोधला असेल, त्याला या एका गोष्टीची किंमत कळेल. यंत्राच्या पोटात पडलेला स्क्रू तर नुसता हरवत नाही, नवा बिघाड घडवतो.

रबरी पट्टा कधी बदलायचा? दर सहा महिन्यांनी, असे ठरवणे सोपे आहे. पण मोठ्या स्थानकावरील फाटकातून दिवसाला हजारो तिकिटे जातात आणि गावाबाहेरच्या स्थानकावर थोडीच. दोन्हीकडचा पट्टा सारखा झिजणार नाही. त्यासाठी यंत्रातच मोजणी ठेवतात. इतकी तिकिटे गेली की पट्टा बदला, मग महिने कितीही झाले असोत.

याची किंमतही मोजावी लागते, हे विसरता येत नाही. पेटीला जितकी झाकणे जास्त, तितक्या फटी जास्त, आणि फटींतून धूळ आणि पाणी आत जाते. संच जितके जास्त, तितके प्लग जास्त, आणि सैल झालेला प्लग हाही एक बिघाडच. चटकन उघडणारी पेटी चोरालाही चटकन उघडते. तिकिटे विकणाऱ्या यंत्रात तर पैसेही असतात. तेथे पैशांची पेटी वेगळ्या कुलपात ठेवावी लागते, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला पैशांना हात लावावा लागत नाही आणि त्याच्यावर उगाच कोणाचा संशयही येत नाही. माझ्या मते ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची आहे.

झडपांच्या बाबतीत जपानी लोकांनी एक वेगळी वाट धरली. आपल्याकडच्या मेट्रोत झडपा बहुधा मिटलेल्या असतात आणि तिकीट बरोबर असले की उघडतात. जपानमध्ये त्या सहसा उघड्याच असतात. तिकीट चुकीचे असेल तेवढ्याच वेळी त्या मिटून वाट अडवतात. बहुतेक प्रवाशांचे तिकीट बरोबरच असते. म्हणजे दिवसभरात झडपा फारच थोड्या वेळा हलतात. जो भाग हलत नाही तो झिजत नाही. शिवाय प्रवाशालाही न थांबता चालत राहता येते.

झडप उघडी ठेवण्याचा आणखी एक उपयोग १२ ऑक्टोबर २००७ रोजी दिसून आला. त्या दिवशी सकाळी टोकियो आणि आसपासच्या भागातील ६०० हून अधिक स्थानकांवर ४,००० हून अधिक फाटके सुरूच होईनात. कागद अडकला नव्हता की पट्टा तुटला नव्हता. रद्द झालेल्या कार्डांची यादी दररोज संगणकाकडून फाटकांना पाठवली जाते. ती यादी वाचण्याच्या आज्ञावलीत, म्हणजे प्रोग्रॅममध्ये, एक दोष राहून गेला होता आणि त्या दिवशीची यादी नेमकी त्या दोषाला जाऊन भिडली. हजारो फाटकांवर एकाच वेळी कोण हात फिरवणार? रेल्वे कंपन्यांनी फाटके उघडी ठेवली आणि लोकांना तसेच जाऊ दिले. सुमारे २६ लाख प्रवाशांवर या बिघाडाचा परिणाम झाला. त्या दिवशी रेल्वेचे उत्पन्न बुडाले, पण माणसे अडकून पडली नाहीत. वीज गेली, आग लागली किंवा यंत्र भांबावले, तर वाट उघडीच राहिली पाहिजे, हा नियम अशा यंत्रांत सर्वांत वरचा मानतात.

या सगळ्या खटाटोपातून सुटण्याचा एक सरळ मार्ग होता. कागद आत ओढूच नये. ईस्ट जपान रेल्वेने १८ नोव्हेंबर २००१ रोजी टोकियो भागात सुइका नावाचे कार्ड सुरू केले. या कार्डात एक बारीक चिप आणि तारेचे वेटोळे असते. फाटकाजवळ नेले की फाटकातून निघणाऱ्या रेडिओ लहरींवर चिप जागी होते आणि आपली माहिती सांगते. कार्डाला बॅटरी लागत नाही आणि ते कोठेही आत घालावे लागत नाही. सेकंदाच्या पाचव्या भागात सारे काम आटोपते. पट्टे नाहीत, रूळ नाहीत, धूळ नाही. चुंबकीय यंत्रांच्या देखभालीवर होणारा मोठा खर्च हे या बदलाचे एक कारण होते.

तरी येथेही माणसांनी यंत्राला पेचात टाकलेच. सुरुवातीच्या चाचण्यांत लोक कार्ड कोठेही आणि कसेही धरत. कोणी ते दुरूनच हलवी, कोणी पटकन मागे घेई, आणि वाचन अर्धवट राही. तेव्हा कार्ड टेकवण्याची जागा प्रवाशाकडे किंचित कलती करण्यात आली. हा कल १३.५ अंशांचा आहे. ‘येथे टेकवा’ हे लोकांना न सांगताही कळू लागले. टेकवलेले कार्ड क्षणभर अधिक वेळ तेथे राहते आणि तेवढा वेळ चिपला पुरतो.

आपल्या देशातही हाच प्रवास झाला. भारतातील पहिली मेट्रो कोलकात्यात १९८४ साली धावू लागली. तेथे बरीच वर्षे चुंबकीय पट्टीची तिकिटे चालत. २०११ साली त्यांच्या जागी चिप असलेली टोकने आली. दिल्ली मेट्रो २००२ साली सुरू झाली, तेव्हा तिने सुरुवातीपासूनच नाण्यासारखी टोकने आणि कार्डे वापरली. टोकनाला शिरताना फक्त टेकवायचे असे, पण बाहेर पडताना ते फटीत टाकावे लागे. म्हणजे बाहेरच्या फाटकात पुन्हा एक फट आली, एक घसरण आली आणि टोकने जमा होणारी एक पेटी आली. पेटी भरली की ती कोणीतरी रिकामी केलीच पाहिजे. आज पुण्याच्या मेट्रोत तिकिटावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला असतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. तो काचेसमोर धरायचा, आत काहीच टाकायचे नाही.

जपानमध्येही आता काळ्या पाठीच्या तिकिटाचे दिवस भरत आले आहेत. टोकियो भागातील आठ रेल्वे कंपन्यांनी मे २०२४ मध्ये जाहीर केले की, चुंबकीय तिकिटांच्या जागी आम्ही टप्प्याटप्प्याने क्यूआर कोडची तिकिटे आणणार आहोत. त्यांनी दिलेल्या कारणांत दोन गोष्टी होत्या. चुंबकीय लेपामुळे वापरलेल्या तिकिटांपासून पुन्हा कागद बनवणे कठीण जाते, आणि हलत्या भागांच्या यंत्रांची निगा राखणे खर्चाचे असते.

क्यूआर कोड वाचणाऱ्या फाटकात अडकणारा कागद नाही. पण तेथे कॅमेऱ्यासमोर एक काच असते. दिवसभर लोक तिच्यावर तिकिटे आणि मोबाइल घासतात. हळूहळू तिच्यावर ओरखडे पडतात, बोटांचे डाग बसतात, आणि यंत्राला ठिपके नीट दिसेनासे होतात. तेव्हा ती काच आतील कॅमेऱ्याला धक्का न लावता, वरच्या वर काढून बदलता आली पाहिजे. आणि रोज सकाळी पहिली गाडी येण्यापूर्वी कोणीतरी ती मऊ फडक्याने पुसली पाहिजे.